करार रद्दीत टाकू नका!

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या बचतगटानं सिडकोतल्या एका मैत्रिणीच्या गच्चीवर ठेवलं होतं. वाण म्हणून स्टीलच्या छोट्या चाळण्या वाटल्या. तिळगूळ झाला, उखाणे झाले, आणि मग नेहमीप्रमाणे विषय निघाला तो पगाराचा. आमच्या नाशकात सातपूर, अंबडच्या वसाहतींत राहणाऱ्या बायका एकत्र आल्या की भाजीच्या भावानंतर दुसरा विषय कंपनीचाच असतो. कुणाचा नवरा कंपनीत, कुणाचा मुलगा, आणि आता कुणाची सूनही.

त्या दिवशी अशीच एक सून कोपऱ्यात गप्प बसली होती. अश्विनी म्हणू या तिला. खरं नाव देत नाही. अंबडच्या एका कारखान्यात जोडणीच्या कामाला आहे. दीड वर्षापूर्वी लागली, चुणचुणीत मुलगी. हातातला तिळगूळ तसाच होता. मी जवळ जाऊन विचारलं, तर डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

"काकू, नवा कायदा आला म्हणून जुना करार मेला का हो?"

मला आधी काही कळेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिच्या कंपनीत युनियन आहे. युनियननं कंपनीशी तीन वर्षांचा करार केला आहे. त्यात पगारवाढ आहे, कॅन्टीन आहे, आणि सेकंड शिफ्टच्या बायकांना रात्री घरापर्यंत सोडणारी बस आहे. अश्विनीची शिफ्ट रात्री अकराला सुटते. बस पवननगरच्या स्टॉपवर सोडते, तिथे सासरे घ्यायला येतात. आठ दिवसांपूर्वी सुपरवायझरनं बायकांना बोलावून सांगितलं, की आता नवे कामगार कायदे आले, जुना कायदा रद्द झाला, म्हणजे त्याच्या आधारानं केलेला करारही संपला. पुढच्या महिन्यापासून बस बंद. आणि ज्या बायका करारानंतर कामाला लागल्या, त्यांना तर तो करार कधीच लागू नव्हता. एक छापील कागद पुढे केला, 'मला बसची गरज नाही' अशा अर्थाचा. यावर सह्या करा म्हणाले.

"चौघींनी केल्या सह्या. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. सासूबाई म्हणतात, बस नसेल तर नोकरी सोड. रात्री अकराला रिक्षानं एकटीनं यायचं नाही."

आता सांगा, हा प्रश्न कायद्याचा की घराचा? अश्विनीच्या पगारातून घराचा हप्ता जातो. बस गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की हप्ता अडला. एका कागदावर एवढं सगळं टांगलेलं.

माझी जुनी चूक

तिचं ऐकताना मला माझीच गोष्ट आठवली. लग्न होऊन मी सातपूरला आले तेव्हा 'करार' या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता. मी बी.ए. झालेली, पण मराठी वाङ्मय घेऊन! इथे आल्यावर शेजारच्या वहिनी सांगायच्या, "ही फरशी फरकातली", "हा फ्रिज फरकातला". मला वाटायचं फरक म्हणजे काय बाई? मग कळलं. जुना करार संपतो, नवा व्हायला कधी सहा महिने, कधी वर्ष लागतं. झाला की मागच्या तारखेपासून वाढीव पगार धरतात आणि मधल्या महिन्यांची रक्कम एकदम हातात देतात. तो फरक. आमच्या वसाहतीतली किती मंगळसूत्रं, किती मुलींच्या कॉलेजच्या फिया या फरकातून झाल्या आहेत, याची मोजदाद नाही.

असा करार आमच्याही घरात आला होता. पंधरा-वीस पानांची, टाचणी मारलेली झेरॉक्स. दिवाळीच्या साफसफाईत मी ती वर्तमानपत्रांबरोबर रद्दीवाल्याला देऊन टाकली! दीड वर्षानं कंपनी दुसऱ्या मालकाकडे गेली. नवे साहेब म्हणाले, करार जुन्या मालकानं केला, आमचा काय संबंध? युनियनची कमिटी कागद शोधू लागली, तर त्यांच्याकडच्या प्रतीतली पानं गहाळ. यांनी मला विचारलं, तेव्हा मी मान खाली घातली. शेवटी मागच्या गल्लीतल्या एका मावशींनी रेशनकार्ड आणि विम्याच्या पॉलिसींबरोबर पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेली प्रत निघाली. त्या मावशी चौथी शिकलेल्या. पदवी माझ्याकडे आणि शहाणपण त्यांच्याकडे!

तो करार समेट अधिकाऱ्यासमोर झालेला होता. असा करार मालकाच्या वारसांवर आणि त्याच्या जागी येणाऱ्यांवरही बंधनकारक असतो, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. वेळ लागला, पण फरक मिळाला. तेव्हापासून आमच्या घरी करार देवघराखालच्या कप्प्यात असतो.

आधी करार, मग कायदा

करार म्हणजे काही आजची गोष्ट नाही. आपण रविवारी जी सुट्टी घेतो ना, तिचं मूळही अशाच एका बोलणीत आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तेव्हा गिरणीत आठवड्याची सुट्टीच नव्हती. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानात दहा हजारांवर कामगार जमले, आणि मैत्रिणींनो, त्या सभेत दोन कामगार बायकांनीही भाषणं केली! सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी. मालकांच्या संघानं मागणी मान्य केली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी सुरू झाली. कायदा मागून आला. आधी माणसं समोरासमोर बसली, बोलली आणि ठरलं.

स्वातंत्र्यानंतर अशा ठरावांना पक्का आधार मिळाला तो १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं. आमच्या वसाहतीतले कामगार अजून 'टू-पी करार' असं म्हणतात, ते त्याच कायद्यातल्या कलम २(पी) वरून. तो कायदा, १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आणि १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा, हे तिन्ही मिळून आता औद्योगिक संबंध संहिता झाली. संसदेत ती २०२० मध्येच मंजूर झाली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती आणि तिच्याबरोबर वेतन, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता या विषयांच्या आणखी तीन संहिता लागू झाल्या. जुने २९ कायदे गेले, चार संहिता आल्या.

सुपरवायझर म्हणाला ते अर्धं खरं होतं. जुना कायदा रद्द झाला हे खरं. पण म्हणून करार संपला, हे खोटं.

घर बदललं, भांडी तीच

मी वकील नाही. पण आमच्या महिला मंडळाला मदत करणारे एक ज्येष्ठ वकील आहेत. अश्विनीला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी संहितेचं पुस्तक उघडून शेवटाकडचं कलम १०४ दाखवलं. कुठले कायदे रद्द, त्यांची नावं तिथे आहेत. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय, की रद्द झालेल्या कायद्यांखाली जे काही केलं गेलं, ते नव्या संहितेच्या तशाच तरतुदींखाली केलं असं समजायचं. अट एवढीच, की ते संहितेच्या विरोधात जाणारं नसावं.

मी म्हटलं, "म्हणजे साहेब, भाड्याचं घर सोडून आपण स्वतःच्या घरात गेलो, तरी भांडी आपलीच राहतात, तसं?"

ते हसले. "अगदी तसंच, ताई. एखादं भांडं नव्या फडताळात मावलं नाही, तर तेवढ्यापुरतं बघायचं. बाकीची फेकायची नाहीत."

मग त्यांनी कलम ५८ दाखवलं. करारात जेवढी मुदत ठरली असेल, तेवढी मुदत तो दोघांवर बंधनकारक. मुदत लिहिलीच नसेल तर सह्या झाल्यापासून सहा महिने. आणि मुदत संपली म्हणजे लगेच दुसऱ्या दिवशी करार गळून पडतो का? नाही. कुणीतरी लेखी नोटीस द्यायची, की आम्हाला हा करार संपवायचा आहे, आणि त्या नोटिशीला ६० दिवस होईपर्यंत तो चालूच राहतो. जुन्या कायद्यात हीच मुदत दोन महिन्यांची होती. म्हणजे शब्द बदलले, गाभा तोच.

अश्विनीच्या कराराची प्रत आम्ही सोबत नेली होती. शेवटच्या पानावर मुदत होती, १ जानेवारी २०२४ ते ३१ डिसेंबर २०२६. तिचा चेहरा जरा उजळला.

"पण साहेब, मी तर करारानंतर लागले. आणि युनियनची मेंबरही नाही."

वकिलांनी चष्मा वर केला आणि सह्यांचं पान पुन्हा पाहिलं. म्हणाले, "हे बघ, करार दोन प्रकारचे. एक, मालक आणि युनियननं आपापसात केलेला. तो ज्यांनी केला त्यांच्यावर बंधनकारक. दुसरा, समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे सरकारी कामगार खात्याच्या मध्यस्थीनं झालेला. तो तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना लागू, आणि नंतर कामाला लागणाऱ्यांनाही. मेंबर असो की नसो. जुन्या कायद्यात हे कलम १८ मध्ये होतं, आता ५७ मध्ये आहे. तुझ्या करारावर समेट अधिकाऱ्याची सही आणि शिक्का आहे, दिसला?"

मैत्रिणींनो, त्या जांभळ्या शिक्क्याकडे अश्विनी अशी बघत होती, जणू मंगळागौरीचा मुखवटाच!

चौघींनी केलेल्या सह्यांचं काय, हेही आम्ही विचारलं. ते म्हणाले, सगळ्यांसाठी झालेला करार एकेकीला बाजूला घेऊन, चार ओळींच्या कागदावर सही घेऊन मोडता येत नाही. पण अशा सह्या पुढे वाद वाढवतात. म्हणून न वाचता सही नको, आणि वाचायला वेळ मागण्यात लाज नको.

विम्याच्या ऑफिसातल्या बोनसची लढाई

कायदा बदलला की करार मोडता येतो का, हा प्रश्न आपल्या देशात पूर्वीही आला होता, आणि तोही आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या ठिकाणी. आयुर्विमा महामंडळात, एलआयसीत. मुंबईच्या 'योगक्षेम' इमारतीत ज्यांचं मुख्यालय आहे, तीच.

२४ जानेवारी १९७४ ला महामंडळानं वर्ग तीन आणि वर्ग चारच्या कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी करार केला. दरवर्षी पगाराच्या १५ टक्के बोनस, आणि मुदत १ एप्रिल १९७३ ते ३१ मार्च १९७७. मध्ये आणीबाणी आली. १९७५-७६ चा बोनस थांबवला. कर्मचारी कोलकात्याच्या उच्च न्यायालयात गेले, आणि मे १९७६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. त्यानंतर काही दिवसांतच संसदेनं खास कायदाच केला, की या करारातली बोनसची अट लागू राहणार नाही!

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २१ फेब्रुवारी १९७८ ला सात न्यायमूर्तींच्या पीठानं तो कायदा रद्दबातल ठरवला. कराराखाली जो पैसा मिळायचा हक्क तयार झाला, तो असा हिसकावून घेता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

पुढे महामंडळानं नोटीस दिली, की करार संपला, आता बोनस नाही. पुन्हा न्यायालय. १० नोव्हेंबर १९८० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं सांगितलं, की नोटीस दिली तरी जुन्या कराराच्या अटी हवेत विरत नाहीत. त्यांची जागा नवा करार, निवाडा किंवा कायदा घेईपर्यंत त्याच चालू राहतात. पोकळी राहत नाही.

गोष्ट इथे गोड होऊन संपली असती तर किती बरं! पण १९८१ मध्ये सरकारनं आयुर्विमा महामंडळाच्या मूळ कायद्यातच दुरुस्ती करून नोकरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. तेही आव्हान दिलं गेलं. १९८२ मध्ये न्यायालयानं ती दुरुस्ती मान्य केली, मात्र ती पुढच्या काळासाठी. आधीचं कमावलेलं तिनं पुसलं जाणार नाही, असं सांगितलं.

मला यातून दोन गोष्टी कळल्या. एक, कायदा करारापेक्षा मोठा आहे, तो पुढची वाट बदलू शकतो. दुसरी, तो बदल कायद्यात स्पष्ट लिहावा लागतो. सुपरवायझरनं तोंडानं सांगून भागत नाही.

जास्त कुठे, तिकडे माप

आता कुणी म्हणेल, कायदा आणि करार दोन्ही एकाच विषयावर बोलत असतील तर कुणाचं ऐकायचं? इथे नव्या संहितांमध्ये दोन चांगल्या ओळी आहेत. ग्रॅच्युइटीच्या बाबतीत सामाजिक सुरक्षा संहिता म्हणते, की करारानं जास्त चांगली ग्रॅच्युइटी मिळत असेल तर तो हक्क तसाच राहील. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता, रजा, सोयी यांच्या संहितेतही तसंच आहे. कराराच्या अटी संहितेशी जुळत नसतील तर संहिता वरचढ, पण करारात कामगाराला जास्त फायदा असेल तर त्याला तो जास्तीचा फायदा मिळत राहील. कायदा म्हणजे खालची फरशी. तिच्या खाली जायचं नाही. वर मजला चढवायला मनाई नाही.

अश्विनीच्या बसचंच घ्या. नव्या संहितेनं बायकांना संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी कामाला मुभा दिली, पण तिच्या संमतीनं आणि सुरक्षिततेच्या अटी पाळून. नवा कायदा रात्रीच्या बाईची काळजी घ्यायला सांगतो, आणि त्याच कायद्याचं नाव सांगून तिची बस काढायची? हा तर उलटाच न्याय!

शिवाय पगार, भत्ते, कामाचे तास, शिफ्ट, वर्षानुवर्षं मिळणारी सवलत, यात बदल करायचा तर मालकानं आधी लेखी नोटीस द्यायची आणि २१ दिवस थांबायचं, हा जुन्या कायद्यातला नियम संहितेच्या कलम ४० मध्येही आहे. बोलावून तोंडी सांगणं म्हणजे नोटीस नव्हे.

हातातला पगार का कमी होतो?

एक गोष्ट मात्र खरीच बदलली आहे, आणि हळदीकुंकवाला सगळ्यात जास्त चर्चा तिचीच होती. "करारात पगार वाढला, मग हातात कमी कसा?"

हे स्वयंपाकघरातल्या हिशेबानं सांगते. समजा एकूण पगार २४,००० रुपये. त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून ९,०००, आणि घरभाडं, प्रवास वगैरे भत्ते १५,०००. नवी संहिता म्हणते, असे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग 'वेतन' धरायचा. निम्मे म्हणजे १२,०००. भत्ते त्याहून ३,००० जास्त आहेत. ते बेसिकच्या ९,००० मध्ये मिळवले की वेतन झालं १२,०००.

याचा परिणाम पीएफवर होतो. १२ टक्क्यांनी ९,००० वर १,०८० रुपये कापले जायचे, आता १२,००० वर १,४४० जातील. हातात ३६० रुपये कमी. पण मालकालाही आपल्या खात्यात तेवढेच जास्त भरावे लागतात. ग्रॅच्युइटी दर वर्षाला १५ दिवसांच्या वेतनाची, महिना २६ दिवसांचा धरून. ९,००० वर एका वर्षाची होते सुमारे ५,१९२ रुपये, आणि १२,००० वर सुमारे ६,९२३. म्हणजे पोळी तेवढीच, तुकडे वेगळे पाडले. आजच्या ताटात थोडं कमी, उद्याच्या डब्यात जास्त.

ज्यांचा पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच कापला जातो, त्यांच्या हातातल्या पगारात फरक पडणार नाही, असा खुलासा केंद्रीय कामगार मंत्रालयानं डिसेंबर २०२५ मध्ये केला होता. म्हणून मैत्रिणींनो, नवऱ्याशी भांडायच्या आधी पगाराची स्लिप बघा! "तुम्ही पैसे कुठे घातले?" असं आमच्या एका वहिनींनी विचारलं, आणि दोन दिवस घरात अबोला. स्लिप पाहिल्यावर कळलं, पैसे पीएफमध्ये गेले होते.

पुढच्या कराराची काळजी

अश्विनीच्या युनियनच्या कमिटीनं वकिलांच्या सल्ल्यानं कंपनीला एक साधं पत्र दिलं. भांडण नाही, घोषणा नाहीत. कराराची मुदत अमुक, समेट अधिकाऱ्यासमोर झालेला, बसचं कलम अमुक, तो चालू आहे, कृपया लेखी कळवावं. आठ दिवसांनी निरोप आला, बस चालू राहील. सह्या केलेल्या चौघीही पुन्हा त्याच बसमध्ये बसतात.

पण ३१ डिसेंबर २०२६ काही लांब नाही. त्यानंतर नवा करार लागेल, आणि त्यासाठी बोलणी कोण करणार, याचे नियम संहितेत बदलले आहेत. एकापेक्षा जास्त युनियन असतील, तर ज्या युनियनकडे हजेरीपटावरचे ५१ टक्के किंवा जास्त कामगार, तिलाच एकटीला बोलणी करण्याचा अधिकार. एवढं बळ कुणाकडेच नसेल, तर किमान २० टक्के कामगार असलेल्या युनियनच्या प्रतिनिधींची मिळून बोलणी परिषद. आपल्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यताप्राप्त युनियनला ३० टक्के सभासद पुरत होते. तो राज्याचा कायदा संहितेनं रद्द केलेल्या तीन कायद्यांच्या यादीत नाही. तरी ५१ चा आकडा सगळ्यांनी डोक्यात ठेवलेला बरा. कारण आता मेंबर नसलेली प्रत्येक बाई म्हणजे बोलणीतलं कमी झालेलं एक बोट.

मी अश्विनीला म्हटलं, "तू मेंबर का नाही झालीस?"

"काकू, मीटिंग गेटवर, शिफ्ट सुटल्यावर. सगळे पुरुष. आणि बस चुकते ना!"

बघा, म्हणजे बसच्या कलमाची गरज सगळ्यात जास्त जिला, तिला ते कलम ठरतं तिथे जायलाच मिळत नाही. कमिटीला मी हे सांगितलं. त्यांनी बायकांसाठी जेवणाच्या सुट्टीत बैठक घ्यायचं कबूल केलं. आता अश्विनीसह अकरा जणी मेंबर झाल्या आहेत. पुढच्या मागणीपत्रात पाळणाघर आणि बायकांच्या विश्रांतीच्या खोलीचं कलम घालायचं असं त्यांनी ठरवलंय.

आणखी एक. करार दोन्ही बाजूंना बांधतो. ज्या विषयावर करार चालू आहे, त्यावर मुदतीत संप करायला जुन्या कायद्यात मनाई होती, नव्यातही आहे. दिलेला शब्द आपणही पाळायचा असतो.

हे लिहिताना सिन्नरकडच्या विडी वळणाऱ्या मावश्या डोळ्यांसमोर येतात. द्राक्षाच्या पॅकिंगला जाणाऱ्या, घरकाम करणाऱ्या आपल्या मैत्रिणी येतात. त्यांच्यातल्या कितीजणींकडे असा शिक्क्याचा कागद आहे? कागदच नाही, तर तो नव्या कायद्यात टिकला की नाही हा प्रश्नसुद्धा त्यांच्या वाट्याला येत नाही. विडी कामगारांचा १९६६ चा स्वतंत्र कायदाही या चार संहितांत विरघळला. त्यांच्यासाठी आधी एकत्र बसणं, आणि मग लिहून घेणं. लोखंड्यांच्या सभेत बोललेल्या त्या दोघींनी तेच तर केलं.

आज घरी गेल्यावर एवढं करा

• घरातल्या कमावत्या माणसाला विचारा, कंपनीत करार आहे का? असेल तर पूर्ण प्रत मागा. युनियनच्या कमिटीकडे ती असते.

• शेवटचं पान आधी वाचा. मुदत कधी संपते आणि समेट अधिकाऱ्याची सही-शिक्का आहे का, ते बघा.

• 'कायदा बदलला' असं कुणी सांगितलं, तर नम्रपणे म्हणा, "साहेब, लेखी द्या."

• एकटीला बोलावून सही मागितली, तर कागद घरी नेऊन वाचायला वेळ मागा.

• पगाराची स्लिप दर महिन्याला जपून ठेवा. बेसिक, भत्ते, पीएफ यांचे आकडे मागच्या महिन्याशी ताडून बघा.

• अडलं तर कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात जा. तिथे जायला वकीलच लागतो असं नाही.

परवा रात्री सव्वाअकराला अश्विनीचा फोन आला. मी जरा घाबरलेच. म्हटलं, काय झालं गं?

"काही नाही काकू. बसमधूनच बोलतेय. घरी पोचतेच आहे. आणि हो, कराराची झेरॉक्स काढून सासूबाईंकडे दिली. त्यांनी ती कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवलीय."

मला त्या चौथी शिकलेल्या मावशींची आठवण झाली. उठून मी आमच्या देवघराखालचा कप्पा उघडून बघितला. करार जागेवर होता.